भिंतीवरची पांढरी डबी

मी हट्टी आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही, पण लपवूनही ठेवत नाही. आमच्या घरी राउटर बदलायचा की नाही यावरून गेल्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत जो तमाशा झाला, तो निम्मा माझ्या हट्टामुळे झाला आणि निम्मा माझ्या जिभेमुळे.

राउटर हा शब्द आमच्याकडे फक्त बिलावर असतो. बोलताना ती डबी. दारातून आत आलं की चपलांच्या रॅकच्या वर, भिंतीला दोन खिळ्यांवर अडकवलेली पांढरी डबी. लेकीचं कॉलेज घरातून चालायचं तेव्हा बसवली. पुढे लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि डबी आमच्या तिघांची झाली. मिस्टरांची मॅच, सासूबाईंची मालिका, माझे रेसिपीचे व्हिडिओ. एवढ्याला ती पुरायची. तिच्याकडे मान वर करून बघायचीसुद्धा कधी वेळ आली नाही.

आम्ही नावड्याला राहतो. मिस्टर तळोज्याच्या एका कारखान्यात फिटर आहेत. सासरे मार्केटात माथाडी होते. पाठीवर पोती वाहून त्यांनी हे घर उभं केलं. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. सासूबाई साताऱ्याकडच्या. इकडे येऊन आयुष्य गेलं तरी बोली तिकडचीच ठेवलीय त्यांनी, आणि तोराही. राहता राहिले मी. लग्नाआधीपासून मी जुईनगरला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. "आवाज गोड आहे हो तुमचा," असं समोरची माणसं आपणहून म्हणायची. लेक झाली, नोकरी सुटली, नंतर बघू, नंतर बघू म्हणता म्हणता वीस वर्षं गेली. या वीस वर्षांत तो गोड आवाज मी भाजीवाल्याशी भांडायला वापरला.

मग गेल्या वर्षी, गणपती नुकतेच गेले होते, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. एका हॉस्पिटलच्या हेल्पलाइनला मराठी बोलणाऱ्या बायका हव्या होत्या. काम घरूनच. खेड्यापाड्यातनं लोक फोन करतात, त्यांना डॉक्टरची वेळ द्यायची, कुठले कागद आणायचे, कुठल्या मजल्यावर जायचं ते समजावून सांगायचं. फोन यायचे कॉम्प्युटरवर, म्हणजे नेटवरून. माझी मुलाखतही फोनवरच झाली. दहा मिनिटं बोलले आणि पलीकडची मॅडम म्हणाली, "ताई, तुमचा आवाज ऐकून पेशंट निम्मा बरा होईल." मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात एकटीच उड्या मारल्या, खोटं कशाला बोलू.

अट एकच होती. दोन दिवस जुईनगरच्या ऑफिसात ट्रेनिंग, मग धनत्रयोदशीपर्यंत घरून ट्रायल. ट्रायलमध्ये लाइन सारखी तुटली तर दुसरी बाई घेणार. लाइन म्हणजे नेट. मला त्याचं काहीच टेन्शन नव्हतं. आमचं नेट चांगलंच होतं की.

सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजे करायचं काय?"

"फोनवर बोलायचं."

"आन पगार कशाचा?"

"बोलण्याचाच."

"बोलायचा पगार!" त्या हसल्या. "आमच्या ह्यांची पाट सोलून निगायची तवा पगार मिळायचा." मग मेथीची काडी हातातच धरून म्हणाल्या, "आन तुजं ते काम चालतं कशावर?"

मी ट्रेनिंगला जायची साडी इस्त्री करत होते, घाईत होते. म्हटलं, "त्या डबीवर चालतं, आई. ती डबी बंद तर मी बंद."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. बराच वेळ बघत होत्या. मी साडी हँगरला लावली आणि ते बोलणं विसरून गेले.

ट्रेनिंगचा दुसरा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. कंपनी बाहेरच्या राज्यातली, त्यांना काय खंडेनवमीचं! आमच्या घरी मात्र त्या दिवशी हत्यारं पुजतात. हत्यारं म्हणजे तलवारी नव्हेत. ज्याच्यावर घर चालतं ती. पाटावर तांदूळ पसरून सासूबाई आधी सासऱ्यांचा हूक ठेवतात. पोती ओढायचा लोखंडी हूक, धरून धरून मूठ गुळगुळीत झालेला. त्याच्या शेजारी मिस्टरांचे पाने, मग विळी, कात्री. सगळ्यांना पाणी शिंपडायचं, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघतेय. सासरे गेले तरी हुकाचा मान गेलेला नाही.

संध्याकाळी मी घरी आले, पर्स ठेवली आणि पहिल्यांदा पाटाकडे बघितलं. हूक होता, पाने होते, विळी, कात्री, झेंडू. माझं काही नव्हतं. कंपनीनं दिलेला हेडफोन माझ्या पर्समध्येच होता, हे मला कळत होतं. पण 'तुजंबी काय आसंल तर ठीव' एवढं तरी कुणी म्हणेल असं मला वाटलं होतं. मला वाईट वाटलं, सरळ सांगते. विळीला हळद-कुंकू आणि मला पाण्याचा शिंतोडासुद्धा नाही. जेवायला वाढलं, जेवले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला बेडरूमचं दार लावून मी कामाला बसले. लेकीचा जुना लॅपटॉप, कानाला हेडफोन, शेजारी पाण्याची बाटली. पहिला फोन लातूरकडच्या बाईचा. झकास झाला. दुसरा एका आजोबांचा, कणकवलीकडचे. आजीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी वेळ हवी होती. मी म्हटलं, "आजोबा, लिहून घ्या," आणि लाइन तुटली. त्यांनी परत लावला. नशिबानं माझ्याकडेच आला. "आजोबा, सोमवारी..." परत तुटली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "गो बाय, तू फोन कित्याक ठेवतंस? माझा काय चुकला?" मला उत्तर द्यायला मिळालंच नाही. चौथ्यांदा त्यांचा फोन आला नाही.

त्या दिवशी लाइन सात वेळा तुटली. मी बाहेर येऊन डबीकडे बघितलं. हिरवे दिवे लुकलुकत होते, साळसूदपणे.

रात्रपाळीमुळे दिवसा घरी असलेले मिस्टर म्हणाले, "माझं तर सगळं चालतंय. मॅच बघितली मी मघाशी."

"मग काय मी खोटं बोलते?"

"असं कुठं म्हटलं? डबी जुनी झाली असेल. बदलून टाकू."

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला बोलावलं. नावडे गावातलाच माणूस, आमच्या सोसायटीचं सगळं काम बघतो, केस पांढरे झालेत पण शिडीवर अजून सरसर चढतो. तो दारातनंच डबीकडे बघून म्हणाला, "ताई, डबी जुनी झाली हाय. बदलून टाका. आता नवीन येतान दोन अँटेनावाल्या, पळतान नुसत्या."

"बिघडलंय काय ते दाखवा ना आधी."

"बिघडला काय नाय. जुनी झाली हाय."

"जुनी तर मीपण झालेय," मी म्हटलं. "मला बदलताय का?"

तो हसला, मिस्टरही हसले. मी हसले नाही. माझं डोकं फिरलं होतं. दसऱ्याच्या आधी जी डबी ठणठणीत होती ती दसऱ्यानंतर एका दिवसात म्हातारी कशी होते? फोन बिघडला, नवा घ्या. मिक्सर बिघडला, नवा घ्या. काय बिघडलं हे कुणी सांगायलाच तयार नाही. नवी डबी आणली आणि तरीही लाइन तुटली तर? तेव्हा माझ्या हातात ना दिवस उरणार ना नोकरी. मी म्हटलं, दादा, तुम्ही या. कारण सापडल्याशिवाय मी डबी बदलणार नाही.

मिस्टर म्हणाले, "अगं, कारण शोधायला तू काय इंजिनिअर आहेस?"

"नाही. पण शोधणार."

मग मी शोधायला लागले. एक वही केली. किती वाजता लाइन तुटली, तेव्हा घरात काय चालू होतं, सगळं लिहायला लागले. फ्रिज बंद करून बघितला. मिक्सर लावायला बंदी घातली. शेजारच्या काकूंना त्यांचं वॉशिंग मशीन सकाळी आठच्या आत उरकायला सांगितलं, त्या माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये डबीखाली चपलांच्या शेजारी बसले, तर तिथंही तुटली. दिवसाला पाच वेळा, सहा वेळा, एकदा नऊ वेळा. ऑफिसातली मॅडम आधी गोड बोलायची, "ताई, जरा बघा ना नेटचं." मग नुसतं, "नेट बघा." मग तिचा मेसेज यायला लागला, त्यात फक्त आकडा असायचा.

आणि बंद दाराच्या पलीकडून मला सासूबाई ऐकू यायच्या. काकूंनी दारात येऊन विचारलं, 'सूनबाई कुठाय?' तर ह्या म्हणायच्या, "आत बोलत बसलीया."

बोलत बसलीया! म्हणजे मी आत गप्पा मारत होते. माझा जीव चालला होता, लोकांची ऑपरेशनं होती, आणि मी बोलत बसले होते.

मला एक गोष्ट आठवली आणि डोक्यात पक्की बसली. सासूबाईंना बटणं बंद करायची सवय आहे. खोलीत माणूस नसेल तर दिवा बंद, पंखा बंद, गीझर तर माणूस आत असतानाच बंद. वहीत बघितलं तर लाइन तुटायची ती जास्त करून अकरा ते एकच्या मध्ये, म्हणजे ह्या घरभर फिरत असतात तेव्हा. झालं. मला कारण सापडलं.

त्या दिवशी दुपारी जेवायला बाहेर आले तेव्हा माझा चेहरा बघूनच त्या उठून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आई, तुम्ही डबीचं बटण बंद करता का?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"म्या बटनाला हात लावला न्हाई."

"मग ते काय आपोआप बंद होतंय? मी काम करते ते तुम्हाला बघवत नाही, असं सरळ सांगा ना. मी बोलतच बसते ना आत? मग बसू द्या की बोलत!"

एवढी फटकळ बाई, एका शब्दाला दोन शब्द देणारी, पण नुसत्या ताटाकडे बघत राहिल्या. मग आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात गेल्या. मी माफी मागितली नाही. मला वाटलं होतं, बरोबर जागी लागलंय.

त्यानंतर त्यांनी दुपारची मालिका बघायची बंद केली. टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसायच्या, टीव्ही बंद ठेवून. मी मनात म्हटलं, रुसल्या. रुसू देत.

लाइन मात्र तुटतच राहिली.

धनत्रयोदशीला तीन दिवस उरले तेव्हा मॅडमनं फोन केला. मेसेज नाही, फोन. "ताई, तुमच्याबद्दल पेशंट चांगलं बोलतात. एक आजोबा तर तुम्हालाच मागत होते, 'ती फोन ठेवणारी बाय' म्हणून. पण उद्याचा दिवस शेवटचा. उद्याही असंच झालं तर मला दुसरं नाव द्यावं लागेल. माझ्या हातात नाही."

मी 'बरं' म्हटलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. आजोबा मला मागत होते. वीस वर्षांनी कुणीतरी मला कामासाठी मागत होतं आणि मी एका डबीपायी हरत होते.

संध्याकाळी मिस्टर आले ते हातात खोकं घेऊनच. नवी डबी, दोन अँटेनावाली. टेबलावर ठेवली. "आता बास. केबलवाला सकाळी आठला येतोय. तुझा हट्ट पुरे झाला."

"कारण सापडलं नाही अजून."

"कारण गेलं खड्ड्यात! उद्या तुझा शेवटचा दिवस आहे ना? नोकरी पाहिजे का कारण पाहिजे?"

हे मात्र खरं होतं. मी खोक्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. म्हटलं, "ठीक आहे. नवी लावा. पण जुनी माझ्या डोळ्यांसमोर काढायची. एकेक वायर. मी उभी राहणार."

"राहा," मिस्टर म्हणाले. सासूबाई आपल्या खुर्चीतून बघत होत्या.

सकाळी आठला केबलवाला आला. त्याला घाई होती, दिवाळीची कामं तुंबली होती. स्टुलावर चढला आणि डबी खिळ्यांवरून उचलली. मी खाली उभी, हात कमरेवर. माझ्या पायाशी काहीतरी टपटप पडलं. बघते तर तांदळाचे दाणे. लालसर, कुंकवातले.

"आता ह्या काय?" तो म्हणाला. त्यानं डबी उलटी केली. डबीच्या पाठीवर, जी बाजू भिंतीकडे असते तिथं, हळदीचं एक बोट आणि त्याच्याखाली कुंकवाचं एक बोट. वाळून गेलेलं, पण ठसठशीत. एका फटीत झेंडूची पाकळी अडकलेली.

"ताई, हे दोरे कोनी बांधले?"

मी पुढे झाले. डबीत तीन वायरी जातात. एकीला लाल दोरा बांधला होता, एकीला काळा, एकीला पांढरा. आणि डबीवर, ज्या त्या भोकाशेजारी, त्याच रंगाचा दोऱ्याचा एकेक तुकडा चिकटवला होता. कशानं, तर कणकेच्या खळीनं. कुठली वायर कुठं घालायची ते चुकू नये म्हणून. पोत्यांवर अशाच खुणा असतात, सासरे सांगायचे. ज्याला वाचता येत नाही त्यानं दोऱ्यावरून ओळखायचं, कुठलं पोतं कुठल्या गाळ्याचं.

केबलवाल्यानं पिवळी बारीक वायर बाहेर ओढली, हिरव्या टोकाची. डोळ्याजवळ नेली, मग खदखदून हसायला लागला. "हलद! ताई, ह्या तारेतना उजेड येतो. केसाएवढा उजेड. त्याच्या तोंडाव हलद लावली हाय कोनीतरी. आर्धा उजेड आत येतो, आर्धा भायेर राहतो. मग टीवी चालतो, पुढचा आदीच जमा करून दाखवतो. फोन नाय चालत. फोन लगेच तुटतो."

अकरा ते एकमध्ये फोनच जास्त यायचे, म्हणून वहीत तेव्हाचे आकडे जास्त. मी वळले. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"हळदीनं बिघडतं व्हय ते?" त्या म्हणाल्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तूच म्हनालीस, तुजं काम त्या डबीवर चालतं. मग ते हत्यार न्हाई का? तू गेली हुतीस टरेनिंगला. म्या ष्टुलावर चढून काढली. ह्यांच्या हुकाशेजारी ठिवली. तुजं पयलं काम, मोकळं कसं सोडायचं? दुपारच्याला मालिका लागायची म्हून परत लावून ठिवली." मग आवाज खाली आला. "बटनाला हात लावला न्हाई म्या. खरंच न्हाई लावला."

बहात्तर वर्षांची बाई, स्टुलावर. एकटी घरात. तीन रंगांचे दोरे शोधून, खळ करून. आणि मी त्या दिवशी संध्याकाळी पाटाकडे बघून मनात म्हणत होते, माझं काहीच नाही.

तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. एवढं बोलणारी मी, बोलायचा पगार घेणारी, शेवटी एवढंच म्हणाले, "आई, माझं चुकलं. मी नको ते बोलले तुम्हाला."

"बोललीस खरी," त्या म्हणाल्या. सोडून द्यायची सवय त्यांनाही नाही. "मालिका सोडली म्या तुज्यापायी. म्हनलं, माज्या मालिकेनं नेट सरत आसंल."

तेव्हा मला कळलं, टीव्ही बंद ठेवून त्या टीव्हीसमोर का बसत होत्या ते.

केबलवाल्यानं खिशातनं स्पिरिटची बाटली काढली, कापडाच्या तुकड्यानं वायरीचं टोक पुसलं, त्याचं एक छोटं मशीन लावून बघितलं. "बराबर. उजेड फुल हाय." मग टेबलावरच्या खोक्याकडे हात केला. "नवी लावू ना? आनलीच हाय तर."

"आणलीच आहे तर लाव," मिस्टर म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

"अगं, आज तुझा शेवटचा दिवस आहे. रिस्क कशाला घेतेस?"

"कारण सापडलंय. ही डबी चांगली आहे. हीच लावा."

केबलवाल्यानं खांदे उडवले. कापड घेऊन डबीची पाठ पुसायला लागला, तर मी त्याचं मनगट धरलं. "दादा, टोक पुसलंत ना? बास. बाकीचं राहू द्या."

त्यानं डबी होती तशी, हळद-कुंकू भिंतीकडे करून, खिळ्यांवर टांगली. मिस्टर पुटपुटत खोकं परत द्यायला घेऊन गेले. नऊ वाजायला पाच मिनिटं होती. मी हेडफोन घातला.

नऊ ते पाच. एकदाही लाइन तुटली नाही. जेवायच्या सुट्टीत मी बाहेर आले तर हॉलमध्ये सासूबाई डबीखाली खुर्ची टाकून बसलेल्या. काय करताय विचारलं तर म्हणाल्या, "राखण." दुपारी काकू आल्याचं ऐकू आलं. सूनबाई कुठाय, त्यांनी विचारलं. "आत बोलत बसलीया," सासूबाई म्हणाल्या, तोच शब्द, तोच सूर. आणि पुढे जे म्हणाल्या ते मी इतके दिवस दाराआडून कधी नीट ऐकलंच नव्हतं, रागाच्या भरात तेवढ्यावरच कान मिटून घ्यायचे. "तिच्या बोलण्यानं मान्सं दवाखान्यात पोचत्यात. हळू बोल तू."

पाच वाजता मॅडमचा मेसेज आला. त्यात आकडा होता. शून्य. धनत्रयोदशीला कायमच्या नोकरीचं पत्र आलं. कणकवलीच्या आजोबांचा फोन दिवाळीनंतर परत आला. आजीचं ऑपरेशन झालं होतं, तपासणीची वेळ हवी होती. त्यांना सगळं शेवटपर्यंत सांगितलं, वर दोनदा वाचून दाखवलं. म्हणाले, "आज ठेवलंस नाय तो फोन!"

त्याला आता वर्ष झालं. परवा खंडेनवमी झाली. या वेळी मी रजा मागून घेतली होती, महिनाभर आधी सांगून. सासूबाईंनी पाटावर तांदूळ पसरले, हूक ठेवला, पाने ठेवले, विळी ठेवली. मग हात पुढे करून थांबल्या. मी खोलीतून हेडफोन आणला आणि त्यांच्या हातात दिला. वर्षभर घालून त्याचा कानाकडचा स्पंज विटलाय. त्यांनी तो हुकाच्या शेजारी ठेवला. सासऱ्यांच्या हुकाच्या अगदी शेजारी.

हळदीच्या वाटीत बोट बुडवलं आणि बोट तसंच वर धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लावू का? का ह्येचंबी तोंड बंद हुईल?"

काय बिघडलं ते कळल्याशिवाय काही बदलायचं नाही, म्हणून घर डोक्यावर घेतलेली बाई मी.

"लावा, आई," मी म्हटलं. "भरपूर लावा. बिघडलं तर नवा आणू."